नाकाचा भाव

ताईचं नाक दिसायला काही खास नव्हतं. थोडं बसकं, आणि सर्दी झाली की शेंड्याला लाल होणारं. पण त्या नाकावर दोन बहिणींचं घर चालत होतं, असं त्या इमारतीतला लिफ्टमनसुद्धा सांगायचा. आणि लिफ्टमन सहसा कुणाबद्दल चांगलं बोलत नसे.

इमारत कचेऱ्यांची होती. तळमजल्यावर जिन्याखालच्या तिरक्या जागेत दोघींचं कॉफीचं काउंटर होतं. एक लाकडी फळी, दोन शेगड्या, दळायचं यंत्र, कपांचा ट्रे आणि मागे भिंतीला टेकलेलं एक स्टूल. उंच माणूस त्या स्टुलावरून बेसावधपणे उठला, की जिना त्याच्या टाळक्यात बसायचा. धाकटी कॉफी करायची, पैसे घ्यायची, गिऱ्हाइकांशी गप्पा हाणायची. ताई कप विसळायची आणि आठवड्यातून एकदा कॉफी आणायची. ऐकायला ताईचं काम अगदीच किरकोळ वाटतं. धाकटीच्या हाताला चव होती हे खरं, पण कॉफीच मेलेली निघाली तर हात बिचारा काय करणार?

भाजलेली कॉफी ही भलती लहरी वस्तू. भाजली त्या दिवशी कपात नुसता फेस, आणि चव अंगावर येणारी. तीन-चार दिवसांनी ती जरा शांत होते आणि मग आठवडाभर तिच्यासारखी तीच. पुढे उतरणीला लागते. दोन आठवड्यांनी वास मंदावतो आणि आणखी थोड्या दिवसांनी ओल्या पुठ्ठ्यासारखा येऊ लागतो. ताजी महाग, शिळी स्वस्त. आता स्वस्त म्हणून शिळी घ्यावी, तर एका चमच्याच्या जागी दीड चमचा घालावा लागतो. म्हणजे वाचवलेले पैसे त्याच चमच्याने परत जातात आणि वर लिफ्टमनची बोलणी खावी लागतात ती वेगळीच. बरं, नेहमी ताजीच घ्यावी, तर कपाचा भाव वाढवावा लागतो. आणि कपाचा भाव वाढला, की कारकून मंडळींना एकाएकी घरून थर्मास आणायची आठवण होते. मधली वाट एकच होती. जी कॉफी जुनी व्हायला आली आहे पण अजून झालेली नाही, दुकानदाराला काढून टाकायची घाई आहे पण वास अजून भरलेला आहे, अशी नेमकी हेरायची. ही वाट ताईच्या नाकातून जात होती.

कॉफी यायची दोन गल्ल्या पलीकडून, भट्टीवाल्या काकांकडून. दुकान अरुंद आणि लांबलचक. पुढे तराजू, मध्ये डब्यांची रांग, पाठीमागे भाजायचा गोल फिरणारा पिंप. डब्यांवर काका तारीख लिहीत नसत. तारीख माझ्या डोक्यात असते, म्हणायचे. वीसेक वर्षांपूर्वी ताई पहिल्यांदा तिथे गेली आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाली, "ही परवाची नाही, दोन आठवड्यांची आहे." काकांना मिरच्या झोंबल्या. त्यांनी दुसरा डबा उघडून पुढे केला. तिने त्याचेही दिवस सांगितले. तिसऱ्याचेही सांगितले. काकांनी तिन्ही डब्यांची झाकणं लावली. मग म्हणाले, "तुमच्यासाठी वेगळा नियम."

नियम असा होता. ताईने डोळे मिटायचे. काकांनी कुठल्याही डब्यातली मूठभर कॉफी तिच्या नाकापुढे धरायची. तिने दिवस सांगायचे. बरोबर निघाले तर ताई म्हणेल तो भाव, चुकले तर काका म्हणतील तो, आणि पुढे घासाघीस नाही. या भावाला दोघं नाकाचा भाव म्हणत. एवढ्या वर्षांत ताई जेमतेम दोनदा चुकली असेल, तेही सर्दीच्या दिवसांत. दोन्ही वेळा तिने मुकाट्याने पूर्ण पैसे मोजले. शेजारचे दुकानदार हा तमाशा बघायला काम टाकून यायचे.

घरी, मागच्या गल्लीतल्या दोन खोल्यांत, आई होती. नव्या कॉफीचा पहिला कप आईचा. अंगावरची करडी शाल सावरत ती कप तोंडाला लावायची आणि थोड्या वेळाने म्हणायची, "बरी आहे." याहून वरची शाबासकी आईकडे नव्हती. शाल मात्र तिच्या अंगावर बारा महिने असायची. उन्हाळ्यात धाकटी चिडून ओढून घ्यायची, की आई म्हणायची, "राहू दे गं, तुझं काय खाते ती."

एका थंडीत घरात ताप आला. तिघींनाही आला. धाकटी दोन-तीन दिवसांत उठली, ताई आठवड्याने उठली, आई उठली नाही.

सगळं आटोपल्यावर, भेटायला येणारे यायचे थांबल्यावर, एका दुपारी धाकटी आईच्या पलंगावर शालीत तोंड खुपसून रडत होती. मध्येच तिने शाल ताईपुढे धरली. म्हणाली, "आईचा वास येतो गं अजून. बघ." ताईने नाक लावलं. लोकर नाकाला टोचली. बाकी काही नाही. नाक चोंदलं असेल म्हणून ती स्वयंपाकघरात गेली आणि कॉफीची बरणी उघडली. काही नाही. मग साबण, लसूण, कपाटातलं अंगाला चोळायचं औषध. औषधाने डोळ्यांत पाणी आलं, वास नाही आला.

डॉक्टर म्हणाले, "तापानंतर होतं असं. परत येईल. काहींना महिने लागतात. काहींचा येतच नाही." दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच सुरात सांगितल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

ताईने कुणाला सांगितलं नाही. कप विसळायला कुणीही मिळतं. नाक गेलंय हे कळलं असतं तर त्या काउंटरवर तिचं म्हणून काय उरलं असतं? धाकटीने तिला घालवून दिलं नसतं हे तिला ठाऊक होतं. तिला आयतं बसवून ठेवलं असतं, आणि ते तिला नको होतं.

शालीचं मात्र तिने लगेच केलं. धाकटी घरात नसताना घडी घातली आणि घरातल्या कॉफीच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात ठेवली. डबा आधी कोरड्या फडक्याने चांगला पुसून घेतला. कॉफी महिनाभर धरून ठेवणारा डबा, झाकण इतकं घट्ट की चमच्याच्या दांड्याने उचकटावं लागायचं. नाक परत आलं की पहिला वास आईचा घ्यायचा, एवढंच तिच्या मनात होतं. तोवर झाकण उघडायचं नाही. वास हा उघड्यावर टिकत नाही हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

"शाल कुठे आहे?" धाकटीने विचारलं.

"ठेवलीय."

"दे ना मला."

"नंतर."

दोन-तीनदा असं झालं. मग धाकटीने विचारणं सोडलं. आईच्या बाकीच्या कपड्यांबरोबर ताईने शालही कुणाला तरी देऊन टाकली, असं तिने धरून चाललं. हे ती लिफ्टमनजवळ बोलली आणि लिफ्टमनने ते तिखटमीठ लावून ताईच्या कानावर घातलं. "धाकट्या बाई म्हणतात, ताईंचं काळीज दगडाचं आहे." ताईने त्याचा कप विसळून ट्रेमध्ये पालथा घातला.

खरं तर ताईलाही तसंच वाटत होतं. आई गेली तेव्हा ती रडली नव्हती. आज येईल रडू, उद्या येईल, म्हणून तिने वाट पाहिली. मग वाट पाहणंही राहून गेलं. जेवण म्हणजे फक्त गरम आणि गार, मऊ आणि कडक. लोक बोलायचे ते तिला ऐकू यायचं, उत्तरंही ती बरोबर द्यायची. कुणी विचारलं, कशा आहात, तर म्हणायची, ठीक. आणि ते खोटं नव्हतं. दुखत काहीच नव्हतं.

आई गेल्यानंतर पहिल्यांदा ती काकांच्या दुकानात गेली, तेव्हा काका फोनवर कुणाशी तरी तावातावाने बोलत होते. तिला बघून त्यांनी आवाज खाली आणला. ती नेहमीसारखी तराजूपुढे उभी राहिली आणि डोळे मिटले. काय होईल ते होईल, असंही तिला वाटलं नाही. जरा वेळाने चेहऱ्यापुढे हात आल्याचं जाणवलं. तिने लांब श्वास घेतला.

"पाच दिवस," ती म्हणाली.

काकांनी फोन खाली ठेवला. मग म्हणाले, "बरोबर."

नशीब, असं समजून ती भाव सांगून कॉफी घेऊन आली. पुढच्या खेपेपासून ती पापण्यांच्या फटीतून बघू लागली. दाण्याला तेल सुटलंय का, डबा रांगेतला कितवा. मग अंदाजाने दिवस ठोकून द्यायची. दर वेळी काका म्हणायचे, बरोबर. घरी आल्यावर ती चमचाभर दाणे कुटून पूड कपात घेऊन त्यावर उकळतं पाणी ओतून बघायची. ताजी असली की पूड घुमटासारखी फुगून वर येते, शिळी नुसती चिखलासारखी बसते. दर वेळी पूड फुगायची. एकदा तर तिने अकरा दिवस सांगितले होते आणि पूड फुगली ती थेट तीन दिवसांच्या कॉफीसारखी. याचा काहीतरी विचार करायला हवा, असं तिच्या मनात येऊन गेलं. मग धाकटीने कप मागितले आणि ती कप विसळायला लागली.

काउंटरवर कुणाला काही कळलं नाही. एकदा फक्त नासायला आलेलं दूध तिने शेगडीवर चढवलं आणि लिफ्टमनने पहिल्या घोटालाच तोंड वाकडं केलं. "ताई, तुला कळलं नाही?" धाकटीने विचारलं. "सर्दी आहे," ताई म्हणाली. "तुला बाई सदा न् कदा सर्दी," धाकटी पुटपुटली आणि दूध ओतून टाकलं.

मग काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्या मंगळवारी ताई गेली तेव्हा तराजूमागे त्यांची सून बसली होती. चष्मेवाली, चटपटीत, हिशेबाला पक्की. ताईने डोळे मिटले. सूनबाईंची जरा तारांबळ उडाली. डब्याचं झाकण वाजलं आणि हात पुढे आला.

"सहा दिवस," ताई म्हणाली.

हात मागे गेला. मग सूनबाई हळूच म्हणाल्या, "नाही हो ताई. ही तीन आठवड्यांची आहे."

ताईने डोळे उघडले. सूनबाई लाल झाल्या होत्या. म्हणाल्या, "बाबा सांगून गेलेत, ताई आल्या की त्या म्हणतील त्याला बरोबर म्हणायचं आणि त्यांच्या भावात ताजी बांधून द्यायची. पण मला नाही जमत असं तोंडावर खोटं बोलायला. राग मानू नका."

"कधीपासून सांगतात असं?"

"तुमची आई गेल्यानंतर तुम्ही पहिल्यांदा आलात ना, तेव्हापासून. मी आत पाकिटं भरत होते. बाबांचं फोनवर भांडण चाललं होतं, बोलताना हात हलवतात ते. डबा अजून उघडलाच नव्हता. रिकामा हात तुमच्यासमोर आला आणि तुम्ही श्वास घेऊन म्हणालात, पाच दिवस."

ताई तशीच उभी राहिली. आता लाज वाटेल असं तिला वाटलं आणि ती त्यासाठी थांबली. आली नाही. काकांनी इतके महिने स्वतःच्या खिशाला खार लावून तिची लाज राखली, याबद्दल गहिवरून यायला हवं होतं. तेही आलं नाही. दुकानाच्या मागच्या भागात पिंप फिरत होता आणि दाणे तडतडत होते.

"भाव काय मग?" तिने विचारलं.

सूनबाईंनी कुठल्याही गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगितलं. ताजीचा हा, जुनीचा हा. "काय देऊ?"

आणि ताईला सांगता येईना. इतकी वर्षं तिने ताजेपणा आणि पैसा नाकाने तोलला होता. एक श्वास घेतला की ठरून जायचं, यासाठी एवढे द्यायचे, त्यासाठी एवढेच. आता पुढे नुसते दोन आकडे होते आणि दोन्हींमध्ये जीव नव्हता. तिच्या मागे एक गिऱ्हाईक खाकरलं.

"दोन्ही द्या," ती म्हणाली. "अर्धा अर्धा किलो."

सूनबाईंनी दोन खाकी पाकिटं भरली आणि पेन उचललं. "लिहून देते कुठली कुठली."

"नको." लिहिलेली कॉफी तिने जन्मात घेतली नव्हती.

दोन्ही पाकिटं एकाच पिशवीत गेली आणि घरी येईपर्यंत कुठलं कुठलं ते कळेनासं झालं. पाणी उकळून पूड फुगते का बघितलं असतं तर लगेच उलगडा झाला असता. किटली हाताशीच होती. ताईने किटली ठेवली नाही. काउंटर बंद करून धाकटी यायची होती, तोवर ती टेबलापाशी बसून राहिली.

धाकटी आली, पाय धुतले, टेबलावरची पाकिटं पाहिली.

"यातली ताजी कुठली, सांग," ताई म्हणाली.

"मी? मी काय सांगू? तू सांग."

"मला येत नाही."

"काय येत नाही?"

"वास."

"अगं, मग वाफ घे ना. किती दिवस ही सर्दी–"

"सर्दी नाही. आई गेली तेव्हापासून येत नाही. कसलाच."

धाकटी हातातल्या टॉवेलसकट खाली बसली. "ते दूध," थोड्या वेळाने ती म्हणाली.

"हं."

"मग कॉफी कशी आणत होतीस?"

ताईने सगळं सांगितलं. फोन, रिकामा हात, पाच दिवस, आणि सूनबाई. रिकाम्या हातापाशी धाकटीला हसू फुटलं आणि तिने पटकन तोंडावर टॉवेल धरला. हसण्यासारखं होतं खरं. ताईने हसून बघितलं, पण तोंड नुसतंच हललं.

धाकटीने एकेक पाकीट उघडून हुंगलं. "ही ताजी," ती म्हणाली. "ही कशीशीच आहे, पुठ्ठ्यासारखी." दोन श्वासांत काम झालं. तीन आठवड्यांची कॉफी कुणालाही ओळखता येते, त्यात मोठेपणा काही नाही. पण ताईला ते करता आलं नव्हतं आणि धाकटीने ते सहज केलं, हे दोघींच्याही लक्षात आलं. धाकटीने पाकिटांची तोंडं मुडपली आणि ती बाजूला सारली.

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं? कप विसळायला ठेव म्हणून?"

"वेडी आहेस," धाकटी म्हणाली. तिला राग आला होता आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं.

ताई उठली. पलंगाखालून कॉफीचा मोठा डबा ओढून तिने टेबलावर ठेवला. "यात शाल आहे," ती म्हणाली. धाकटी आधी डब्याकडे आणि मग ताईकडे बघत राहिली. "शाल?" तिने विचारलं. "दिली नाहीस तू कुणाला?"

"कुणाला देईन? कोंडून ठेवली होती. नाक आलं की वास घेणार होते. रोज उघडली असती तर उडून गेला असता." ताईने चमच्याचा दांडा झाकणाच्या कडेत घातला. झाकण कुरकुरत उघडलं. "आता नाक कधी येतंय देव जाणे. तूच बघ. आहे का अजून आईचा?"

धाकटीने शाल दोन्ही हातांनी बाहेर काढली आणि त्यात तोंड खुपसलं. बराच वेळ तिने डोकं वर केलं नाही. ताई तिच्या केसांतल्या भांगाकडे बघत उभी होती. इतक्या महिन्यांत तिला पहिल्यांदाच काहीतरी हवं होतं, आणि ते किती हवं होतं हे तिला तिथे उभं राहिल्यावर कळलं.

"येतो?" तिने विचारलं.

"येतो."

"आईचा?"

धाकटीने तोंड वर केलं. काकांसारखं तिलाही बरोबर म्हणता आलं असतं. ती एकदा डब्याकडे बघत होती, एकदा ताईकडे.

"कॉफीचा येतो, ताई."

"आणि?"

"कॉफीचाच."

ताईने डब्यात बघितलं. पत्रा लख्ख होता, कोपऱ्यातसुद्धा एक कण नव्हता. तिने पुसला तेव्हा डोळ्यांना तो साफ दिसला होता आणि नाकाला काही सांगता येत नव्हतं. वर्षानुवर्षं त्यात कॉफी नांदली होती. नाक असलेल्या माणसाने त्यात हातरुमालही ठेवला नसता, आणि सगळ्या गल्लीत नाक होतं ते ताईलाच. तिनेच आईला त्यात घालून वरून झाकण दाबलं होतं.

"किती दिवसांची?" ताईने विचारलं. सवयीने तोंडून गेलं.

धाकटीने खरंच पुन्हा शाल नाकाला लावली. डोळे मिटले, हनुवटी वर केली, अगदी ताई उभी राहायची तशी. दोन-तीनदा श्वास घेतला.

"मला नाही गं सांगता येत," ती म्हणाली. "ते तुलाच यायचं."

तेव्हा ताई रडली. टेबलाची कड धरून ती खाली बसली. आईसाठी रडत होती की नाकासाठी, हे तिला सांगता आलं नसतं आणि धाकटीनेही विचारलं नाही. तिने शाल ताईच्या खांद्यांवरून ओढून पुढे गळ्याशी गुंडाळली, आई घ्यायची तशी, आणि ताजी कॉफी करायला उठली. ताईने शालीत तोंड लपवलं. लोकर नाकाला टोचत होती.